चारही खोल्यांतून अब्बा

"अब्बा, हे सगळं ऐकायला तुम्ही स्वतः घरी किती दिवस असणार?"

प्रश्न माझा एकटीचा नव्हे. तोंड माझं, डोकं डेबोरा आणि सगुणाचं. दहावी 'ब'च्या मागच्या बाकावर आम्ही तिघी बसतो. पेणला जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मी ढाल जिंकली तेव्हापासून काहीही बोलायचं असलं की या दोघी मलाच पुढे ढकलतात. "एवढ्या परीक्षकांसमोर नाय घाबरलीस आणि बापासमोर घाबरतेस?" सगुणा म्हणाली. डेबोराने वर कालाखट्टा गोळ्याची पैज लावली. मग काय, विचारलं.

अब्बा स्टुलावर उभे राहून भिंतीला स्पीकर ठोकत होते. तोंडात दोन स्क्रू होते. ते काढून हसले.

"दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस. म्हणून तर एवढा भारी घेतला! थोड्या दिवसांत जास्त ऐकायचं, काय?"

मीही हसले. गोळा जिंकला होता. पण अम्मी हसली नाही. ती भिंतीतून पडलेली माती झाडत होती, ती झाडतच राहिली.

माझे अब्बा मस्कतला इलेक्ट्रिशियन आहेत. मी एक वर्षाची असताना, १९८२ साली ते पहिल्यांदा गेले आणि आता मी पंधराची आहे. दर सुट्टीला काहीतरी मोठं आणतात. या वेळी त्यांनी जे आणलं ते रोह्याला आमच्या दारात टेम्पोतून उतरवावं लागलं. हॉलमध्ये ठेवायचं एकच यंत्र, त्यात एका वेळी पाच सीडी बसतात, आणि तिथून भिंतीच्या आतून वायरी गेल्या की ओटीवर, हॉलमध्ये, आतल्या खोलीत, स्वयंपाकघरात, सगळीकडे तेच गाणं एकदम. मशीन एक, घर पूर्ण गातं! वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या अजून व्हायच्या होत्या. त्यातली एक माझी. त्यांचे स्पीकर पुढच्या खेपेला, म्हणजे अजून एक काँट्रॅक्ट, म्हणजे अजून दोन वर्षं. काँट्रॅक्टचा कागद कपाटावरच्या ट्रेमध्ये पडला होता. सही तेवढी राहिली होती. सोमवारी तो वडखळच्या एजंटकडे द्यायचा होता.

आता खरं सांगते, मला ते यंत्र आवडलं. उगाच नाक मुरडणार नाही. पहिल्या दिवशी अब्बांनी गझलांची सीडी लावली तेव्हा गाणारा आमच्या ओटीवर येऊन बसलाय असं वाटलं. तबल्यावर बोट घासल्याचा आवाजसुद्धा येतो हो! आतल्या खोलीत केस विंचरत होते, तिथेही तेच. चालत ओटीवर गेले, गाणं माझ्याबरोबर आलं. शेजारची विमलबाई दारात उभी राहून अम्मीला म्हणाली, "गो सुगरा, तुझ्या घराला गळा फुटला."

फक्त स्वयंपाकघर मुकं राहिलं.

त्याचं झालं असं. अब्बांनी मस्कतला बसून आमच्या घराचा नकाशा काढला होता, आठवणीने. कुठल्या खोलीला किती वायर लागेल ते मोजून तिथेच तुकडे कापून आणले, जाड तांब्याची वायर, एकेक टोकाला खोलीचं नाव लिहिलेलं. पण तीन वर्षांपूर्वी अम्मीने स्वयंपाकघर मागे नेलं होतं. जुन्या जागी आता तांदळाच्या कणग्या आहेत. अब्बा गेल्या सुट्टीत आले तेव्हा त्यांनी नव्या स्वयंपाकघरात बसून पंचेचाळीस दिवस जेवणही केलं, पण नकाशा काढताना हाताने जुनंच घर काढलं. वायर दहा हात कमी पडली, स्पीकर कणग्यांपाशीच राहिला. तांदळाला गाणं ऐकू येत होतं, अम्मीला नाही.

"इथली वायर नाय चालायची," अब्बा म्हणाले. "आवाज पडतो. पुढच्या खेपेला आणतो."

"आणा," अम्मी म्हणाली. "मला कुठे घाई हाय?"

आणि तिने फडताळातला जुना टू-इन-वन लावला. तोच, ज्याचं झाकण रबरबँडने बांधलंय.

त्याच्यावर ती काय ऐकते ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त कुणी बोलत नाही. अब्बांच्या कॅसेटी. आमच्यात कुणी पत्रं लिहीत बसत नाही. तिकडून सुट्टीवर येणाऱ्याच्या हाती कॅसेट यायची, तिच्यात अब्बा अर्धा तास बोललेले असायचे. इकडून जाणाऱ्याच्या हाती आमची जायची. सहा वर्षांची असल्यापासून आमची कॅसेट मीच भरते. अम्मीला लाल बटण दाबलं की बोलता येत नाही. मी कोंबड्यांपासून गणिताच्या मास्तरांपर्यंत सगळं सांगते, नकला करते, दोन्ही बाजू भरल्या तरी माझं संपत नाही. अब्बा म्हणतात, तिथे खोलीत आठ जण राहतात आणि आठही जण ऐकतात. "तुझ्या कॅसेटींवर माझी दोन वर्षं निघतात गो." हे वाक्य मी शाळेत मिरवलंय.

दुसऱ्या दिवशी मी अम्मीला विचारलं, "अब्बा घरात असताना तू त्यांच्या कॅसेटी का ऐकतेस?"

"सवय," ती म्हणाली. "आणि हे बघ, त्यांना तसलं काय विचारत जाऊ नको. मन मोडतं माणसाचं."

मग मला अब्बांची बाजू कळली ती अशी. संध्याकाळी ओटीवर मी त्यांना वायरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून देत होते. ते आपणहून बोलायला लागले. तिथे अरबाब, म्हणजे त्यांचा मालक, मोठमोठे बंगले बांधतो. प्रत्येक खोलीत असंच संगीत. "अकरा बंगल्यांत मी हे बसवलं सुमय्या. वायर माझी, जोड माझे. पण वीज येते शेवटी, आणि तोवर आम्हाला दुसऱ्या साइटवर नेतात. एकदाही ऐकलं नाय. मला बघायचं होतं, लागतं तरी कसं."

मी म्हटलं, "मस्त लागतं अब्बा."

"हाय ना?" ते म्हणाले, लहान मुलासारखे.

म्हणून मी ठरवलं की स्वयंपाकघर मी बोलकं करणार. डेबोराचे निसीमकाका पेणला रेडिओ दुरुस्त करतात. रविवारी सकाळच्या एसटीने डेबोरा आणि मी गेलो. नागोठणं गेलं, गडब गेलं, आणि वडखळला मी मुद्दाम दुसऱ्या खिडकीकडे पाहिलं, एजंटची पाटी दिसू नये म्हणून. निसीमकाकांनी चष्मा कपाळावर चढवून सगळं ऐकून घेतलं.

"दहा हात वायरीने आवाज पडतो म्हणणाऱ्या तुझ्या बापाला सांग, कान असलेल्या माणसाला फरक कळला तर दुकान त्याच्या नावावर करीन." मग वायर कापून दिली आणि दोन्हीकडे पिना असलेली आणखी एक वायर पुढे केली. "ही पण घेऊन जा. जुना टेप नव्या मशीनला जोडता येतो. तुमच्याकडे कॅसेटी असतीलच."

दुपारी अब्बांनी कुरकुरत वायर जोडली, स्पीकर आत नेला. स्वयंपाकघराच्या स्पीकरमधून गाणं आलं आणि अम्मीने भाकरी थापता थापता मान वर केली. एवढंच. पण अब्बांचा चेहरा बघायला हवा होता! मग पिनांची वायर बघून त्यांनी स्वतःच टू-इन-वन हॉलमध्ये आणला. "लाव गो, तुझी एखादी कॅसेट," ते अम्मीला म्हणाले. अम्मी नको नको म्हणाली. ती कॅसेटी ठेवते तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा मीच आणला आणि अगदी तळातली कॅसेट काढली.

अब्बा स्वयंपाकघरात स्पीकरखाली उभे राहिले. मी बटण दाबलं.

"सुगरा, मी खलील बोलतोय. सुमय्या चालते का गो? तिला माझा फोटो दाखवतेस ना?"

चारही खोल्यांतून! मांजर ओटीवरून उडी मारून पळालं. विमलबाईने कुंपणापलीकडून विचारलं, "खलीलभाय कुणावर ओरडतात?" आम्ही तिघंही पोट धरून हसलो. आवाज किती कोवळा होता! कॅसेटच्या शेवटी तो आवाज म्हणाला, "बस, हे एक काँट्रॅक्ट. स्लॅब पडला की कायमचा येतो."

मी दुसरी लावली, पुढे पळवून. "बस, हे एक काँट्रॅक्ट. कुंपणाची भिंत झाली की कायमचा येतो." तिसरी. आता मी हसत नव्हते, पण हात थांबेना. "वरचा मजला झाला की, सुगरा, कायमचा."

"बंद कर," अब्बा म्हणाले.

माझं बोट बटणापर्यंत जायला जरा वेळ लागला. तेवढ्यात ते स्वतःच निघाले. बटण हॉलमध्ये, ते स्वयंपाकघरात. कणग्यांच्या खोलीतून, आतल्या खोलीतून येईपर्यंत त्यांचाच आवाज त्यांना प्रत्येक दारात भेटत राहिला. कायमचा. कायमचा येतो. हॉलमध्ये पोचून त्यांनी बटण दाबलं तेव्हा घर इतकं गप्प झालं की तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आधी आला आणि मग अम्मीला तवा उतरवायचं सुचलं.

ती बाहेर आली. अब्बांना पाणी दिलं. अब्बांची नजर ट्रेमधल्या कागदाकडे गेली आणि परत आली.

मी बिस्किटांच्या डब्याकडे बघत होते. वरच्या थरात कोऱ्या कॅसेटी होत्या, अब्बांनीच आणलेल्या, माझ्यासाठी, पुढच्या दोन वर्षांच्या. आणि मला एकदम कळलं की त्यांना तिथे थांबवायला मी केवढी मदत केलीय. नऊ वर्षं. बडबड करून करून.

तर मी उभी राहिले. पेणच्या स्पर्धेत उभी राहिले होते तशीच, हात मागे बांधून.

"अब्बा, अम्मी, मी एक ठरवलंय."

"आता काय?" अम्मी म्हणाली.

"मशीन छान आहे. खरंच छान आहे. वरच्या खोलीत स्पीकर नसला तरी मला चालेल, जिन्यात बसून ऐकेन. त्या कागदावर सही करायची की नाही ते तुम्ही दोघं ठरवा, मी रागावणार नाही. पण आजपासून मी कॅसेट भरणार नाही. एकसुद्धा नाही. मला जे सांगायचंय ते मी या घरात सांगणार, रोज, तोंडाने. ज्याला ऐकायचंय त्याने इथे बसून ऐकायचं."