लाल दारातला अकॉर्डियन

मित्रांनो, मी एक जुना अकॉर्डियन आहे, आणि आता अर्धा मुका आहे. उजव्या अंगाने गातो. डावं अंग नुसता श्वास सोडतं.

माझा जन्म इटलीतल्या एका डोंगरगावी झाला. तिथल्या कारागिरांनी पोलादाच्या बारीक जिभा कानशीने घासून माझ्यात एकेक सूर बसवला. एका नॉर्वेजियन खलाशाने मला घरी नेलं आणि मरताना थोरल्या लेकीच्या, तुरिदच्या हाती सोपवलं. धाकटा ओडवार तेव्हा थोडा रुसला होता.

नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्यांच्या गावात माझ्याशिवाय लग्न पार पडत नसे. मध्य-उन्हाळ्याच्या सणाची शेकोटी पेटली की लोक आधी तुरिदला हाक मारत. रात्री ती माझ्या भात्याच्या घड्या मऊ फडक्याने पुसायची, चुलीच्या धगीपासून मला दूर ठेवायची. मला वाटायचं, या घरात आपल्याला कशाचंच भय नाही.

एकदा डेन्मार्कमधल्या मावसबहिणीच्या वाढदिवसाला आम्ही गेलो. ओडवारही सोबत होता. परतीच्या सकाळी तुरिद सगळ्यांचा निरोप घेत होती, तेव्हा त्याने खोलीचं दार लावून माझे स्क्रू काढले. डाव्या अंगातल्या खर्जाच्या सगळ्या जिभा उपसून कचऱ्यात टाकल्या आणि त्या जागी गुंगीच्या गोळ्यांच्या पिशव्या कोंबल्या. हे तेच हात होते, मित्रांनो, लहानपणी माझ्या पट्ट्यांवरून गुपचूप फिरणारे. मला ओरडताही आलं नाही.

बोट नॉर्वेला लागली. कस्टममध्ये ज्यांना सामान दाखवायचं आहे त्यांनी लाल दाराने जायचं, बाकीच्यांनी हिरव्या. तुरिदच्या पिशवीत सॉसेज मुभेपेक्षा जरा जास्त होते, म्हणून ती लाल दाराकडे वळली.

"अगं, सॉसेजसाठी कोण थांबतं?" ओडवार म्हणाला. "चल हिरव्यातून."

"आहे ते सांगावं रे. पाच मिनिटांचं काम. तोवर हा धर."

"नको, तुझ्याच खांद्यावर शोभतो तो," असं म्हणून तो भराभर पुढे निघून गेला.

कस्टमच्या टेबलामागची तरुण सोल्फ्रिड तिला पाहून हसली. "माझ्या आईच्या लग्नात तुम्हीच वाजवलं होतं ना? राहू देत ते सॉसेज, आधी दोन सूर ऐकवा."

तुरिदने भाता उघडला. उजवीकडून गाणं निघालं, डावीकडून प्लॅस्टिकची सळसळ.

"याचा खर्ज बसला वाटतं," ती गोंधळून म्हणाली. "काल तर छान होता."

सोल्फ्रिडचं हसू मावळलं. तिने मला उघडलं आणि पिशव्या टेबलावर मांडल्या. तुरिदला त्या पिशव्या दिसल्याच नसाव्यात. माझ्या रिकाम्या कप्प्यात बोटं घालून ती म्हणाली, "जिभा कुठे गेल्या?"

मग तिने काचेतून बाहेर पाहिलं. बसच्या पायरीवर ओडवार उभा होता. त्यानेही वळून पाहिलं, आणि तो आत चढला. बस निघून गेली.

"आणखी कुणाचा हात लागला होता याला?" सोल्फ्रिडने हळूच विचारलं.

तुरिद बराच वेळ माझ्या पट्ट्यावरची धूळ झटकत राहिली. तिथे धूळ नव्हती.

"माझ्या भावाचा," ती म्हणाली.

ओडवारला शिक्षा झाली. गावातल्या काहींनी तुरिदला नावं ठेवली. लग्नाची बोलावणी कमी झाली. तशा जिभा आता मिळत नाहीत, असं सांगून दुरुस्ती करणाऱ्यानेही मला परत पाठवलं.

सुटून आल्यावर ओडवार दारात आला. "सख्ख्या भावासाठी गप्प बसता आलं नाही तुला?"

"मी गप्पच बसणार होते," तुरिद म्हणाली. "पण तू मला पाहिलंस, आणि तरी बसमध्ये चढलास."

तिने दार लोटलं. मला मांडीवर घेतलं, पण वाजवायला भात्याचा पट्टा काही सोडला नाही.

मित्रांनो, वाद्य जुनं झालं तर एक वेळ अडगळीत ठेवा. आम्ही ते सोसतो. पण ज्याला बोलता येत नाही, त्याच्या पोटात आपलं पाप लपवू नका. आणि जो डोळे मिटून तुमच्यावर विसंबतो, त्याच्या खांद्यावर तर ते कधीच देऊ नका.