तिसरा लाइट

डिकीच्या दाराच्या आतल्या प्लास्टिकच्या पट्टीखाली त्याने जुनं ओळखपत्र सरकवलं आणि हलकेच उचकटलं. पहिली क्लिप सुटली, दुसरी सुटली. तिसरी मात्र ‘टक्’ करून तुटली आणि तिचा तुकडा त्याच्या कॉलरमध्ये पडला.

“गॅरेजमध्ये अर्ध्या तासात झालं असतं,” बायको म्हणाली. ती कुंपणाच्या कट्ट्यावर मांडीवर वर्तमानपत्र घेऊन बसली होती.

“दोन स्क्रू आणि एक लाइट. त्याला गॅरेज कशाला?”

तो शाळेत गणित शिकवायचा. घरातला बल्ब बदलण्यापलीकडे त्याच्या हाताची मजल कधी गेली नव्हती. पण हा लाइट दुसऱ्या कुणी बसवलेला त्याला चालणार नव्हता.

बुधवारी ती कामावरून आली तेव्हा सहज म्हणाली होती, “अरे, गाडीचा मागच्या काचेवरचा ब्रेक लाइट गेलाय. खालचे दोन लागतात, वरचा लागत नाही.”

“तुला कसं कळलं? चालवणाऱ्याला तो दिसतच नाही.”

“आमचा एक्स-रेवाला म्हणाला.”

झालं. शंकेची पाल तिथेच चुकचुकली. ती हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होती, आणि हा एक्स-रेवाला दोन खोल्या सोडून बसायचा. तिथल्या स्नेहसंमेलनात त्याने त्या माणसाला एकदा पाहिलं होतं. उंच, हसतमुख, एकदा भेटलेल्याचं नाव न विसरणारा. माणसाच्या आरपार बघायची सवयच असणार त्याला, असं तेव्हाच त्याच्या मनात येऊन गेलं होतं.

त्या रात्री त्याने आडवं पडल्या पडल्या गणित मांडलं. ब्रेक लाइट दिसायचा तर मागे असायला हवं. वरचा लागत नाही हे लक्षात यायचं तर अगदी मागे, आणि एकदा नव्हे. हॉस्पिटल ते घर अकरा किलोमीटर, फार तर पंचवीस मिनिटं. तिला लागायची चाळीस. उरलेल्या पंधरा मिनिटांचं उत्तर कुठल्याच पुस्तकाच्या शेवटी छापलेलं नव्हतं.

शुक्रवारी तिने पर्समधून खोकं काढलं. नवा लाइट. एक्स-रेवाल्याने येता येता ओळखीच्या दुकानातून आणला होता म्हणे. बसवूनही देतो म्हणाला होता.

“नको, मी बसवतो,” त्याने तिला सांगितलं होतं.

म्हणून आज, रविवारी सकाळी, तो डिकीत अर्धा आत, अर्धा बाहेर होता. जुना लाइट निघाला. नवा बसला. स्क्रू आवळून तो मागे उभा राहिला.

“बस आत. दाब ब्रेक.”

“दाबला.”

लाइट लागला नाही. त्याला चक्क बरं वाटलं.

“तुझ्या एक्स-रेवाल्याने आणलेला माल फुसका निघाला.”

“प्लग पूर्ण आत गेलाय का बघ,” ती आतूनच म्हणाली.

प्लग अर्धाच गेला होता. त्याने तो दाबला आणि डोळ्यांसमोर लालभडक पट्टी उजळली.

“सोड. दाब. सोड. परत दाब.”

सात-आठ वेळा झालं. मग लाइट लागलेला असताना तो एकदम म्हणाला, “तो रोज तुझ्या मागेच असतो का?”

पट्टी विझली नाही.

“रस्ता एकच आहे,” ती म्हणाली. “कुणीतरी पुढे असणार, कुणीतरी मागे.”

“आणि पुढे नेमकी तू.”

“पाय काढू का आता?”

सोमवारी शाळा सुटल्यावर तो घरी गेला नाही. हेल्मेटची काच खाली ओढून हॉस्पिटलसमोरच्या औषधांच्या दुकानापाशी स्कूटर लावून थांबला. साडेपाचला तिची गाडी फाटकातून बाहेर पडली. तिच्यामागे लागलीच एक निळी गाडी आली, आणि आत तोच एक्स-रेवाला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याबरोबर एक गारेगार समाधानही झालं. गणित बरोबर आलं होतं.

दर सिग्नलला तिचा लाइट लागे आणि निळी गाडी त्या उजेडात थांबे. पाण्याच्या टाकीपाशी तिने डावा दिवा दाखवला. घर तिथून सरळ, जेमतेम किलोमीटरभर. ती मात्र बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीकडे वळली.

निळी गाडी सरळ निघून गेली. वेगही कमी झाला नाही. एक्स-रेवाला स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून मान डोलावत होता. त्याने डावीकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘म्हणजे दुसराच कुणीतरी,’ असं मनाशी म्हणत त्याने स्कूटर तिच्यामागे वळवली आणि उभ्या ट्रकच्या आडोशाला थांबला.

भिंतीजवळ तिची गाडी उभी होती. तो वाट बघू लागला. कुणी आलं नाही. फोनही तिच्या कानाला नव्हता. सीटला मान टेकून ती नुसती बसली होती. तिची गाडी ऑटोमॅटिक, ब्रेकवरचा पाय काढला की आपोआप पुढे सरकणारी. तिने ती बंद केली नव्हती आणि पुढेही नेली नव्हती. पाय ब्रेकवर ठेवून ती तशीच थांबली होती, आणि काचेवरची नवी पट्टी एकसारखी लाल पेटलेली होती.

चार मिनिटं झाली. सात झाली. एकदा तिने केसांतला चाप काढला आणि पुन्हा लावला. कुणी आलं असतं तर त्याला भांडता तरी आलं असतं. त्याचा अंगठा हॉर्नवर गेला, तिथे जरा वेळ राहिला आणि परत आला.

अकराव्या मिनिटाला तिने आरसा वळवून त्यात पाहिलं. तोंडी परीक्षेला आत जाण्याआधी मुली चेहरा सावरतात, तसा सावरला. लाल पट्टी विझली. गाडी निघाली.

आतल्या गल्लीने तो आधी पोचला. बेल वाजली तेव्हा त्याने दार उघडलं. तिने त्याच्याकडे बघायच्या आधी त्याच्या खांद्यावरून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

“सिग्नलला गर्दी होती आज,” सँडल काढता काढता ती म्हणाली. “आणि निघतानाच एक आजी आल्या, गुडघेदुखीवाल्या, त्यामुळे...”

“लाइट नीट लागतो,” तो म्हणाला.

तिचा हात सँडलच्या पट्ट्यावरच राहिला. तिने वर पाहिलं. त्याच्या कपाळावर हेल्मेटचा वळ अजून ताजा होता.

“किती वेळ होतास?”

“अकरा मिनिटं.”

तिने सँडलचा पट्टा सोडला. सरळ उभी राहिली. आज आल्यापासून पहिल्यांदाच ती त्याला कसलं कारण सांगत नव्हती.

“मग हाक का नाही मारलीस?”

कुणी येतं का ते बघत होतो, हे उत्तर त्याला सांगवेना. ती वाट बघत थांबली. तो अजून दार अडवून उभा होता. आत जायला तिला वाट नाही, हे बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं, आणि तो बाजूला झाला.