निळ्या सोमवारचा पिवळा ड्रेस

निळ्या सोमवारचे कपडे आजी घेते. आमच्या घरात हा नियम मी केलाय आणि तो मोडायची अजून कुणाची छाती झालेली नाही. रविवारी चर्चमध्ये चौदा वर्षांच्या पोरांचं कन्फर्मेशन, म्हणजे श्रद्धा पक्की करायचा विधी, होतं, त्याचे पांढरे कपडे आईबापांनी बघावेत. दुसऱ्या दिवशी पोरं शाळेला दांडी मारतात आणि नवे कपडे घालून टोळक्यानं कोपनहेगनभर उंडारतात, तो निळा सोमवार. ते कपडे माझे. सहा नातवंडांना घेतले. सोल्वाय सातवी, आणि शेवटची.

मला स्वतःला निळा सोमवार मिळाला नाही. चौदाव्या वर्षी रविवारी कन्फर्मेशन झालं आणि सोमवारी सकाळी सहाला मी शर्टांच्या कारखान्यात मशीनवर बसले. शाळा तिथंच संपली. म्हणून या एका दिवसाच्या कपड्यांत मला कुणाची लुडबुड खपत नाही.

"बोडिल, तिला काळं जाकीट हवंय," माझी सून विबेके म्हणाली. "वर्गातल्या सगळ्या मुली काळंच घेतायत."

"का? कोण गेलं?" मी विचारलं.

कन्फर्मेशनच्या आठ दिवस आधी, शनिवारी, सोल्वायला घेऊन नोरब्रो भागात गेले. तिथल्या एका गल्लीत इथल्याच पोरींची दुकानं आहेत, स्वतः बेततात, स्वतः शिवतात. मला वाटलं, चला, कुणीतरी हातानं काम करतंय. पहिल्या दुकानात सगळं काळं. दुसऱ्यात काळं आणि करडं. तिसऱ्यात नुसतं करडं, पण तिथली मुलगी त्याला 'धुक्याचा रंग' म्हणत होती.

"धुकं विकत कशाला घेऊ? बाहेर फुकट पडतं."

"आजी, हळू बोल ना. लोक बघतायत."

"बघू देत. बघण्यासारखं दुकानात दुसरं आहे काय?"

एक पोत्यासारखं काहीतरी टांगलं होतं. कोणाच्या मापाचं म्हणून विचारलं, तर म्हणे सगळ्यांच्या. म्हणजे कोणाच्याच नाही. दोन तास हेच. माझे पाय भरून आले आणि सोल्वायचं तोंड फुगत गेलं.

शेवटच्या दुकानात, अगदी मागच्या दांडीवर, तो ड्रेस दिसला. पिवळा. मे महिन्यात शेतं मोहरीनं पेटतात, तसला पिवळा. कापड हातात घेतलं, चांगलं होतं. चौदाशे क्रोनर म्हणजे लूटच, पण मी हूं की चूं केलं नाही.

"आजी, मी यात केळ्यासारखी दिसेन."

"केळं निदान दिसतं तरी. घालून बघ."

पण पडद्यामागे आधीच दोघी शिरल्या होत्या आणि आत त्यांचं खिदळणं चाललं होतं. मी म्हटलं, राहू दे. चाळीस वर्षं खांदे मापलेत मी, नुसत्या नजरेनं सांगते, बसेल.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुकानवालीनं ड्रेस कापडी पिशवीत घातला. पिशवी धुक्याच्या रंगाची, उरलेल्या तुकड्यांतून शिवलेली. आणि न विचारता ड्रेसच्या लेबलवर बदलीची चिठ्ठी चिकटवली, म्हणजे नको असेल तर आणून बदलून घ्या.

"चिठ्ठी नको."

"भेट आहे ना? भेटीला आम्ही लावतोच."

"भेट आहे म्हणूनच नको."

आमच्या देशात या चिठ्ठीशिवाय भेट देत नाहीत. गेल्या नाताळात विबेकेला फळांचं सुंदर भांडं दिलं होतं. सत्तावीस तारखेला त्याचं मेणबत्त्यांचं स्टँड झालं होतं. हा ड्रेस निळ्या सोमवारपर्यंत काळं जाकीट होऊन बसला असता. पावती तर मी घेतलीच नव्हती. बसमध्ये सोल्वाय फोनमध्ये तोंड खुपसून बसली, तेवढ्यात मी नखानं चिठ्ठी सोलली आणि भिरकावली.

तिच्या घरी पोरीनं ड्रेस अंगावर चढवला. आरशासमोर वळून वळून बघितलं. मग म्हणाली, "आजी, छान आहे गं. खरंच."

मी श्वास सोडला. तिनं सोडला नाही, कारण चेन अर्ध्या पाठीवर अडली होती. गेल्या उन्हाळ्यापासून पोरगी कालव्यात होडी वल्हवते. खांदे कुठल्या कुठं गेलेत आणि माझी नजर अजून तिच्या बाराव्या वर्षावरच.

"बदलीची चिठ्ठी कुठंय?" विबेकेनं विचारलं.

मी कॉफी ओतत राहिले.

मंगळवारी शनिवारचाच कोट घालून एकटी पुन्हा दुकानात. चिठ्ठी नाही, पावती नाही, दुकानवाली मान हलवत राहिली. "आणि हा एकच होता, मोठा नाहीच. सॉरी."

मी ड्रेस गल्ल्यावर उलटा केला. "शिवणीत माया कुठाय? बोटभर कापड आत सोडायचं असतं, उसवायला."

"आम्ही कापड वाया घालवत नाही."

"पोरी वाढतात. त्याला वाया म्हणतात?"

तिनं ड्रेसची घडी घातली आणि पुढे सरकवली. माझ्याकडे ड्रेस होता, न बसणारा. मुलाच्या घरी आले तर दाराच्या खुंटीवर काळं जाकीट लटकलेलं. विबेके म्हणाली, "नुसतं असावं म्हणून आणलंय." तिच्या बोलण्यात तिरकसपणा नव्हता, त्याचाच जास्त राग आला.

पिवळं कापड मिळेना. चार दुकानं पालथी घातली. शेवटी घरात होती ती पिशवी कापली, दुकानाची. तिच्या पट्ट्या काढून दोन्ही कुशींना आणि पाठीवर घातल्या. बोटं आता ऐकत नाहीत. तीनदा शिवलं, तीनदा उसवलं, दोरा चावून चावून दाताला कळ लागली. मोहरीच्या शेतात मी स्वतःच्या हातानं धुकं शिवत होते.

निळ्या सोमवारी सोल्वाय तो घालून गेली. जाकीट खुंटीवरच राहिलं. दिवसभर मी त्याच्याकडे बघत बसले.

चारला ती परतली. "आजी, सगळ्या विचारत होत्या, कुठून घेतलास!"

"मग?"

"दुकानाचं नाव सांगितलं."

"दुकानाचं? आणि पट्ट्या?"

"पट्ट्याच आवडल्या सगळ्यांना. दोघी तर उद्या तिथं जाणारेत, तसलाच मागायला."

ज्या बाईनं बोटभर माया सोडली नाही, तिची वाहवा! मी कोट ओढून घातला, घरी जायला निघाले.

"आजी, थांब. कोपरामागे काय चिकटलंय?" सोल्वायनं नखानं सोलून काढलं आणि वाचलं. "'एकतीस मेपर्यंत बदलून मिळेल.'" चिठ्ठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणजे मंगळवारी त्या बाईशी मी भांडत होते तेव्हा ती माझ्याच बाहीवर होती.

"आजी, अजून मुदत आहे. तुलाच नेऊन देऊ का बदलायला?"

"दे. बघू बदल्यात काय देतात," मी म्हटलं. "धुकंच देतील."