वाशीमला जायचं न्हाई

"सर, वाशीमला मी येत न्हाई," सत्यशीलानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

प्रयोगशाळेतली पोरं माना वळवून बघायला लागली. राठोड हेडसरांना असं तोंडावर नाही म्हणायची त्या शाळेत कुणाची छाती नव्हती. माणूस वाईट नव्हता हो. डोंगरकड्यापासून दोन कोसांवरच्या त्या आडगावच्या हायस्कुलात रोबोटचा संच आला तो त्यांच्याच खटपटीनं. पण तेव्हापासून त्यांना एक वेड लागलं होतं. रिकामी भिंत दिसली की तिच्यावर प्रमाणपत्र लावायचं!

खरी स्पर्धा विभागाची, ती डिसेंबरात. बाकीच्या सगळ्या नुसत्या सरावाच्या. कुठं एखादं कॉलेज भरवायचं, कुठं एखादा क्लासवाला भरवायचा, आणि सरांच्या मोबाईलवर निमंत्रण आलं रे आलं की सर होकार देऊन मोकळे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पोरं सात ठिकाणी जाऊन आली होती. नांदेडपासून पार अकोल्यापर्यंत. आता येत्या रविवारी तेवढी मोकळीक होती आणि त्याच्या पुढच्या रविवारी वाशीम.

"काहून येत नाही?" सरांनी चष्मा काढला. "पुण्या-मुंबईची लेकरं दर आठवड्याला खेळतात. तुम्ही घरी बसून काय शिकणार?"

"पहिल्या दोन स्पर्धांत लई शिकलो सर," सत्यशीला म्हणाली, आणि ते खरंच होतं. नांदेडला दुसऱ्यांच्या गाड्या पाहिल्या तेव्हा कुठं तिला कळलं होतं की आपल्या गाडीचा हात फार जड आहे. "पण त्याच्यानंतर काय केलं? रविवारी खेळायचं, सोमवारी थकून झोपायचं, शनिवारी चिकटपट्टी लावायची अन् पुन्हा जीपमधी बसायचं. गाडी डावीकडं वढते ती वढतेच. मागच्या डिसेंबरात त्याच्यानंच हरलो आपण."

रोबोटला ही पोरं गाडीच म्हणायची. खेळ सोपा होता. पहिली तीस सेकंदं गाडीनं कुणी हात न लावता आपलीआप सरळ जायचं, पुढचे ठोकळे उचलायचे आणि डब्यात टाकायचे. गाडी वाकडी गेली की ठोकळे राहिले बाजूला आणि पोरं बसली हात चोळत.

"मी दरवेळी दुरुस्त करतोच की!" परमेश्वर ताडकन उठला. लॅपटॉपवर गाडीची आज्ञावली लिहायचं काम त्याचं, आणि पोरगं हुशार होतं, ते सत्यशीलालाही मान्य होतं. "डाव्या मोटारीला जोर वाढवला की चालती सरळ."

"दुपारपर्यंत चालती. मंग पुन्हा तेच."

"मंग तुलाच लई कळतं, कर तूच!" परमेश्वरानं दप्तर उचललं आणि गेला निघून. तिसरी रूपा, तांड्यावरची, तीस सेकंदांनंतर रिमोट चालवणारी. ती गाडी उचलून कपाटात ठेवायला लागली.

सरांना राग आलाच होता, पण पोरीच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं त्यांना दिसलं. पुढच्या वर्षी तिची दहावी. दहावीच्या पोरांना शाळा रोबोटला हातसुद्धा लावू देत नसे. म्हणजे हाच डिसेंबर तिचा शेवटचा होता, आणि ते सरांनाही ठाऊक होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "सोमवारी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर गाडी दहा वेळा सरळ चालवून दाखव. चालली तर तू म्हणशील तसं. एकदा जरी वाकडी गेली, तर तुझ्याऐवजी कॅप्टन परमेश्वर, आणि मी सांगेन त्या प्रत्येक स्पर्धेला मुकाट जायचं. कबूल?"

"कबूल," सत्यशीला म्हणाली.

सराव चालायचा सत्यशीलाच्या घरी, मेंढरांच्या शेडमध्ये. शाळेची फरशी उखडलेली, आणि अख्ख्या गावात गुळगुळीत कोबा होता तो एकट्या तिच्या आजाच्या, दगडोबाच्या शेडात. दिवसा मेंढरं रानात जायची, की शेड पोरांचं. रविवारी सकाळी सत्यशीलानं झाडून घेतलं, जुनं लुगडं अंथरलं आणि रूपाला म्हणाली, "आज खोलूच. पार शेवटच्या खिळ्यापर्यंत."

"पुन्हा जोडता न्हाई आली तर?"

"तर नाक कापलं जाईल. धर पान्हा."

आधी एकदा चालवून पाहावी म्हणून तिनं गाडी सोडली. दहा पावलं नीट गेली आणि मग गुपचूप डावीकडं वळली. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या वेळी दगडोबा पाण्याचं कॅन घ्यायला शेडात आला आणि दारातच थबकला. नाकाच्या शेंड्यावर सुरकुत्या पडल्या.

"काय जाळून राहिल्या गं पोरीहो?"

"काही न्हाई आबा. मोटारीचा वास हाय. गरम होती ती."

"मोटारीचा?" दगडोबा हसला. "मला शिकवती व्हय! आख्खी हयात मेंढरांत गेली माझी. लोकर जळून राहिली, लोकर."

दोघींनी वाकून गाडीचा वास घेतला. वास तर त्यांना मागच्या वर्षापासून येत होता. पण शेडात वास कसला येत नाही? लेंड्यांचा, ताकाचा, ओल्या मेंढरांचा. नांदेडच्या चकचकीत हॉलमध्येही यायचा, तर आपल्याच कपड्यांना असेल म्हणून पोरी लाजेनं चूप राहायच्या.

सत्यशीलानं डावं चाक काढलं, मागची चकती काढली, दातेरी चक्र बाहेर ओढलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई!" आसाला बोटभर जाड लोकर गुंडाळलेली होती, तेलात भिजून, काळी पडून अगदी दोरखंडासारखी घट्ट झालेली. मेंढरांची कातरण भिंतीकडंच्या बाजूला होते, आणि पोरं गाडी सोडायची तीही त्याच भिंतीच्या कडेनं, भिंत डाव्या अंगाला ठेवून. डावं चाक रोज थोडी थोडी लोकर पीत होतं आणि परमेश्वर रोज त्या मोटारीला थोडा थोडा जोर वाढवत होता. मागचा डिसेंबर गेला, चार महिन्यांत सात गावं झाली, आणि एकानंही आस उघडून पाहिला नव्हता!

ते एवढ्यावर थांबलं नाही. गाडीच्या हाताच्या सांध्यावरची चिकटपट्टी सोलली तर खाली आणखी पट्टी, तिच्याखाली आणखी एक, आणि सगळ्यांत खाली सांध्याला आरपार चीर. एका चक्राचे दोन दात झिजून गेलेले. सत्यशीलाला स्वतःचाच संताप आला. कॅप्टन म्हणून मिरवायचं आणि गाडीच्या पोटात काय चाललंय ते ठाऊक नाही!

दुपारपर्यंत आस लख्ख झाला, चाक जागेवर बसलं. गाडी सोडली तर ती सणसणत उजवीकडं गेली आणि पाण्याच्या टाक्याला धडकली.

"आता गं?" रूपा रडकुंडीला आली.

"आता परमेश्वर," सत्यशीला म्हणाली. डाव्या मोटारीचा वाढवलेला जोर काढायला हवा होता, आणि कुठं कुठं वाढवलाय ते त्या एकट्यालाच माहीत. जायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण चपला घातल्या आणि गेली.

परमेश्वर ओट्यावर बसला होता. "काहून आली?"

"तुझ्याबिगर व्हत न्हाई. तू लिहिलेलं चुकीचं नव्हतं, चाकात लोकर व्हती. चूक माझी हाय, मी उघडून पाहायला पायजे व्हतं."

भांडायची पूर्ण तयारी करून बसलेला परमेश्वर उठला आणि आत गेला. लॅपटॉप घेऊन तो तिच्या मागं आला. त्यानं शेडात येऊन ती लोकर हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली, आणि सात ठिकाणी घातलेले आपले सात आकडे एकेक करून पुसायला बसला. अकोल्याचा आकडा पुसताना त्याचा हात थांबला. त्या आकड्यासाठी तो अकोल्याहून परतताना जीपमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन कळमनुरीपर्यंत जागा राहिला होता. "लई मेहनत घेतली व्हती गं," तो म्हणाला. सत्यशीलालाही वाईट वाटलं. मेंढरं परत यायच्या आत गाडी सरळ चालायला लागली होती.

सोमवारी प्रार्थना झाली. व्हरांड्याच्या एकमेव धड पट्ट्यावर खडूची रेघ ओढली आणि गाडी सोडली. एक, दोन, तीन. पोरं मोठ्यानं मोजू लागली. सातव्याला गाडी जराशी थरथरली, पण रेघ सोडली नाही तिनं. दहाव्याला सगळी शाळा ओरडली आणि सर तर लहान लेकरागत टाळ्या पिटायला लागले.

"शाबास! शाबास रे वाघांनो! अरे, आता वाशीमला पहिला नंबर कुठं जात नाही आपला! मी आत्ताच कळवतो त्यांना!" म्हणत सरांनी मोबाईल काढलासुद्धा. शब्द दिला होता ते आनंदाच्या भरात पार विसरून गेले होते बिचारे.

सत्यशीलानं काही वाद घातला नाही. खाली बसली, खिशातून पान्हा काढला आणि सगळ्या शाळेदेखत गाडीचं डावं चाक काढून ओच्यात टाकलं.

"अगं, हे काय करून राहिली तू?"

"सरळ चालती सर, पण हात मोडलेला हाय. दात झिजलेत. डिसेंबराला तीन महिने हायेत, ते सगळे लागतील. तुमी शब्द दिला व्हता."

सरांचा चेहरा लाल झाला. ते परमेश्वराकडं वळले. "परमेश्वर, तू सांग हिला. तू कॅप्टन होशील, लाव ते चाक."

परमेश्वरानं सरांकडं पाहिलं, मग सत्यशीलाकडं. तो खाली बसला आणि त्यानं दुसरं चाक काढलं. रूपानं बॅटरी सोडवली आणि आपल्या दप्तरात घातली.

सरांनी कानाला लावायला उचललेला मोबाईल खाली घेतला.

"मग वाशीमवाल्यांना मी काय सांगू?" शेवटी त्यांनी विचारलं, आणि आवाज बराच खाली आला होता.

"खरं ते सांगा सर," सत्यशीला गाडीच्या हाताचा सांधा सोडवत म्हणाली. "गाडी खोलून ठेवलीय म्हणावं."