गोधडीवरची बंदूक

"बंदूक हाय का पिठाची गिरणी? घोडा दाबला की दातसुदीक वाजत्यात माझं," हर्षदा पुटपुटली. बोलली होती ती स्वतःशीच, पण दौंडच्या त्या बारक्या दुकानात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला पोट आत घ्यावं लागे. धुरपदाला शब्द न् शब्द ऐकू आला.

हर्षदा शिरूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. रविवारी तिथल्या क्लबात नेमबाजीची स्पर्धा होती आणि तिच्याकडं होती ही स्प्रिंगवरची जुनी एअर रायफल. नळी खाली दुमडून स्प्रिंग चढवायची, छर्रा घालायचा, आणि पुढं देवाची मर्जी.

"आप्पा, तुमच्याबिगर कोन करनार हे?" ती म्हणाली.

भिमाआप्पा म्हणजे धुरपदाचे सासरे. रेल्वेत तीस वर्षं फिटर. "ठेवून जा," ते म्हणाले आणि दोन्ही हात मांडीखाली सारून बसले. हर्षदानं लगेच नजर दुसरीकडं वळवली. सगळेच वळवत. आप्पांचे हात दोन वर्षांपासून थरथरत होते. स्क्रू धरला तर स्क्रूच नाचायचा. शिलाई मशीन असो की फवारणीचा पंप, दुरुस्ती धुरपदा करी. गल्लीला ठाऊक, गिऱ्हाइकाला ठाऊक, कुरकुंभला शिफ्टला जाणाऱ्या तिच्या नवऱ्याला ठाऊक. पण पाटीवर नाव आप्पांचं, आणि लोक कौतुक करतात ते पाटी वाचून.

एकदा, फक्त एकदा, आपलं काम आपल्या नावानं ऐकावं असं धुरपदाला फार वाटे. पण ते आपल्या तोंडानं सांगायचं म्हणजे सासऱ्याचा थरथरता हात चारचौघांत वर करून दाखवायचा. तेवढं तिच्यानं होणारं नव्हतं.

ती कामाला लागली. दाबातली स्प्रिंग सुटली तर माणसाला जायबंदी करते, म्हणून आधी ती टेबलाला जडलेल्या लोखंडी शिकंज्यात धरून हळूहळू सैल केली. आत बघते तर काय, स्प्रिंगमधली दांडी इतकी ढिली, जणू आज्याच्या सदऱ्यात नातू. मग स्प्रिंग थरथरणार नाही तर काय करणार! धुरपदानं लेथवाल्याकडून नायलॉनची नेमक्या मापाची दांडी करून आणली. स्प्रिंगची खरबरीत टोकं घासून आरशासारखी केली. पाण्याच्या बाटलीचं पातळ प्लास्टिक कापून पिस्टनच्या आत अस्तरासारखं बसवलं आणि घट्ट ग्रीसचा नुसता हात फिरवला. आधी 'टण्ण्ण' करून घुमणारी बंदूक आता 'ठप्प' म्हणून गप्प बसायला लागली.

"आता बंदूक शिकंज्यात आवळ, आन् मग नेम तपास," आप्पा म्हणाले. "बोल्ट आवळल्याबिगर इंजिनबी चालत न्हाई."

तिनं आवळली. दुकानाच्या मागच्या दारातून दहा मीटरवर लावलेल्या कागदावर पाच छर्रे मारले. पाचही भाकरीएवढ्या जागेत पसरले. आणखी आवळली, तर भाकरी मोठी झाली.

धुरपदा कागदाकडं बघत राहिली. छर्रा नळीतून सुटायच्या आत ही बंदूक आधी मागं, मग पुढं हिसका खाते. तिला हलूच दिलं नाही, तर ती शिकंज्याला धडकून भलतीकडंच उसळणार. तिनं पोत्यावर गोधडीची घडी ठेवली आणि बंदूक नुसती वर टेकवली.

"गोधडीवर? बंदूक हाय का लेकरू?"

"लेकरूच समजा, मामा. आवळलं की रडतंय."

या खेपेचे पाच छर्रे बोराएवढ्या जागेत बसले. आप्पांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि "हं" म्हणाले. असलं "हं" त्यांनी उभ्या जन्मात फक्त इंजिनांना दिलं होतं.

रविवारी शिरूरला, आप्पांना घेऊन आलेल्या धुरपदानं हर्षदाचा डावा हात उघडून दाखवला. "मुठीत धरू नका, मॅडम. तळव्यावर नुसती ठेवा. हलंल ती, हलू द्या."

हर्षदानं हलू दिली. दहा छर्रे झाले तेव्हा निशाणाच्या मधोमध एकच फाटकं भोक होतं. पहिला नंबर. ती धावत आली आणि धुरपदाला अशी मिठी मारली की पदराची पिन तुटली.

क्लबाचे अध्यक्ष बाळासो माइकवर आले. "ही करामत कुनाची? दौंडच्या भिमाआप्पांची! आप्पा, या वर!" शाल आली, नारळ आला, टाळ्यांचा कडकडाट झाला. धुरपदानंही वाजवल्या, जरा जास्तच जोरात. डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यातलं अभिमानाचं किती आणि दुसरं किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बाळासोंनी नारळ आप्पांच्या हातात न देता हळूच टेबलावर ठेवला. समजून-उमजून.

आप्पांनी नारळाकडं पाहिलं. मग टेबलावरचा माइक दोन्ही हातांनी उचलला. तो सदऱ्याच्या बटणावर आपटत राहिला, ठकठक ठकठक, साऱ्या हॉलभर. कुणी खोकलं, कुणी खुर्ची सरकवली. आप्पा थांबले नाहीत.

"ऐका. माझं हात थरथरत्यात. दोन वरसं झाली, तुमा समद्यांला म्हाईत हाय. ही बंदूक म्या उघडलीसुदीक न्हाई. हे काम माझ्या सुनंचं हाय, धुरपदाचं. आन् म्या सांगितलं तसं केलं असतं ना, तर मॅडम शेवटच्या आल्या असत्या."