रोशनदानातलं कपाट

बाथरूममधली बाल्टी भरून पाणी वाहत होतं आणि माझा पारा चढला. नर्मदेचं पाणी कुठून कुठून चढवून इंदूरला आणतात आणि आमच्याकडे ते सरळ मोरीत!

"आई, नळ बंद करा हो!" मी स्वयंपाकघरातूनच ओरडले.

उत्तर येणार नव्हतंच. माझ्या सासूबाई, द्वारकाबाई, अंघोळीला आत शिरल्या की देवपूजा आटोपेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाहीत. माझ्या लग्नाआधीपासूनचं मौन आहे ते. हाक मारली तर लोट्यानं बाल्टीवर एकदा ठोकतात, ठक. म्हणजे ऐकलं, ठीक आहे.

ठक आलं नाही.

तवा उतरवून मी दाराशी गेले. "आई? ठोका ना एकदा." नुसता पाण्याचा आवाज, आणि गॅस गीझरची सूं-सूं. तेव्हा मला अर्पितचं बोलणं आठवलं.

अर्पित आमचा सुतार. चार बाय पाचचं बाथरूम, शॅम्पूच्या बाटल्या खिडकीत, सर्फचा डबा पायात, आणि कपाटाला जागा कुठे? मीच इंचटेप घेऊन बसले आणि शोधून काढली. रोशनदान, हवेचा वरचा झरोका! दीड फूट रुंद, नऊ इंच खोल, भिंतीतली आयती जागा. मागून बोर्ड ठोकायचा, फटी सिलिकॉननं बुजवायच्या, तीन फळ्या, पुढे आरशाचं दार. सियागंजच्या बाजारातून बिजागऱ्यासुद्धा मीच निवडून आणल्या.

"भाभीजी, रोशनदान पैक मत कराओ," अर्पित म्हणाला होता. "यही तो हवा की जगह है, और अंदर गॅस का गीझर है."

"भिया, तुम नाप से बनाओ, अकल मत सिखाओ," मी त्याला फटकारलं होतं. मला कोणी शिकवलेलं खपत नाही.

कालच काम संपलं. आरशाच्या दारावरून हात फिरवत आई म्हणाल्या, "वसुंधरा, डोकं आहे गं तुला." आणि आज पहिलीच अंघोळ, जानेवारीतली, दार घट्ट लावून.

मी गॅलरीत धावले, सिलेंडर बंद केला. परत दाराशी. आत कडी. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला आणि त्या प्लास्टिकच्या दारावर घातला. पहिला घाव चौकटीवर बसला. देवा, मीच मारलं यांना, मीच मारलं, एवढंच तोंडातून येत होतं. चौथ्या घावाला दार फुटलं. मी हात घालून कडी काढली.

वास नाही, धूर नाही, काही नाही. आई पाटावर बसलेल्या, डोकं भिंतीला, अंगावर ओलं पातळ, डोळे मिटलेले. वर माझं कपाट चकाचक.

काखेत हात घालून त्यांना गॅलरीत ओढलं. गार हवा होती. गाल थोपटले, छाती चोळली. "आई, मोडा ते मेलं मौन! शिव्या द्या मला, पण बोला!"

काही नाही. मग काय सुचलं कोण जाणे, मी लोटा आणून त्यांच्या हातात कोंबला आणि बोटं वरून दाबून धरली. "ठोका आई. एकदाच."

किती वेळ गेला कळत नाही. बोटं हलली. लोटा फरशीला लागला. ठक.

मी हंबरडाच फोडला.

गीझरचा बिनवासाचा विषारी वायू आत कोंडला होता; दोन दिवस त्या ऑक्सिजनवर होत्या. "अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर..." डॉक्टर म्हणाले. माझे मिस्टर, श्रीहरी, पलासियाच्या ऑफिसातून धावत आले होते. "गीझरच खराब निघाला," ते सगळ्यांना सांगत होते. मी मान हलवत राहिले. कपाट उखडायला अर्पित आला, त्याला सगळं कळलं होतं, पण एक शब्द बोलला नाही. ते मला फार लागलं.

गीझर आता गॅलरीत आहे, रोशनदान उघडं. घरी आल्यानंतरच्या पहिल्या सकाळी आई लोटा घेऊन निघाल्या तेव्हा मला राहवलं नाही. "आई, अर्पितनं बजावलं होतं मला. मी ऐकलं नाही. गीझरचा दोष नव्हता, माझा होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि कडी लावली.

मी दाराबाहेर उभी. पाण्याचा आवाज आला, मग थांबला. हाक मारायची माझी हिंमत होईना. कुठल्या तोंडानं मारू? आणि ठक आलंच नाही तर? गार फरशीवर अनवाणी तशीच थांबले.

"वसुंधरा," आतून आवाज आला. "आहे गं मी. दाराशी गारठू नकोस."

पूजा अजून व्हायची होती.