डावी कूस

"श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा."

अठरा वर्षे कादर शेख दिवसभर हेच बोलत आला होता. पुण्यातल्या त्या छातीच्या रुग्णालयात तो एक्स-रे काढायचा.

यज्ञेश्वर कर्वे सदरा चढवू लागले. बिबवेवाडीचे निवृत्त शिक्षक. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिले होते : जुना क्षय, बरा झालेला, थुंकीतून रक्त, उजव्या फुफ्फुसात गाठ, कर्करोग? मास्तरांनी ती वाचली होती. घरी अजून सांगितले नव्हते.

"कादरभाई, डाव्या कुशीवर वळलं की खोकला येतो. पाठीवर येत नाही. असं का?"

"डॉक्टरांना विचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, मग पाठीवर झोपा."

कादरने नुकतीच धुतलेली ओली फिल्म दिव्यासमोर धरली. गाठीच्या वर हवेची बारीक कोर दिसत होती. गाठ फुफ्फुसात रुतलेली असेल, तर ही हवा कुठून आली?

फिल्म तेव्हा मोजून मिळत. रुग्णाला एकच, दुसरी काढली तर लेखी खुलासा.

"मास्तर, सदरा काढा. डाव्या कुशीवर झोपा."

मास्तर खोकू लागले. खोकला थांबेपर्यंत कादर थांबला, मग यंत्राची नळी आडवी करून त्याने फोटो काढला.

दुपारी डॉक्टर नेने आले. "दुसरी फिल्म कुणी सांगितली?"

"पेशंटनं."

नेन्यांनी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या. दुसऱ्या फिल्ममध्ये गाठ खाली घसरली होती आणि कोरही जागा सोडून गेली होती.

"कर्करोग असा कूस बदलत नाही. ही बुरशी दिसतेय. क्षयानं पोकळी केली, हिनं बिऱ्हाड केलं. रक्त तपासून खात्री करू. मग कापून काढता येईल." दारातून ते वळले. "खुलासा मात्र द्यायचा."

कादरने एकच ओळ लिहिली : रुग्णाला कुशीवर खोकला का येतो, हे पाहायचे होते.

चार महिन्यांनी मास्तर तपासणीच्या फोटोला आले. उजव्या बगलेखालून पाठीपर्यंत टाक्यांचा व्रण होता. उभ्याने फोटो झाला. तरी ते टेबलाकडे बघत राहिले.

"जरा पडू का?"

"पडा की."

मास्तर डाव्या कुशीवर वळले. कादरने घड्याळाकडे पाहिले. एक मिनिट झाले, दोन झाली. खोकला आला नाही. मास्तरांनी डोळे मिटले.

बाहेरून कोणीतरी दार वाजवले.

"थांबा, फोटो चाललाय," कादर म्हणाला आणि बंद यंत्रापाशी येऊन उभा राहिला.